दोन खुर्च्यांचं विमान

९ जानेवारी

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलं असं समजू नकोस.

तुझा निरोप शेजारच्या काकूंनी पोचवला. म्हणजे त्यांच्या मोबाइलवर आलेला तुझा आवाज त्यांनी मला ऐकवला, आणि ऐकताना माझं तोंड कसं होतंय ते बघत उभ्या राहिल्या. यापुढे त्यांना मध्ये घालू नकोस. मलाही फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि मग दोघांपैकी एकजण आपटून ठेवतो. आई गेल्यापासून आपलं हेच चाललंय. पत्रात निदान समोरच्याला वाक्य पुरं करता येतं.

मुद्द्याचं बोलतो. भुंगीचे कागद झाले, तुझ्या लेकीला तिकडे न्यायची तुला परवानगी मिळाली, चांगलं झालं. आई तू आहेस, मी मामा. मामानं पोर सांभाळायचं असतं, ठेवून घ्यायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे. तेव्हा मी नाही म्हणतोय असं मनात आणू नकोस.

पण तुझ्या कामावरची कुणी मैत्रीण पुढच्या आठवड्यात इकडे येणार आणि परत जाताना भुंगीला काखोटीला मारून नेणार, हे होणार नाही. पोरगी अजून दोन वर्षांची नाही. त्या बाईला तिनं कधी पाहिलेलं नाही. एक लांबलचक विमान, मग कुठल्याशा विमानतळावर ताटकळणं, मग आणखी लांबलचक दुसरं विमान, आणि एवढं सगळं सोसून झाल्यावर समोर कोण, तर तू. तू तिला सोडून गेलीस तेव्हा ती रांगतही नव्हती. तू तिला ओळखशील, ती तुला ओळखणार नाही. हे टोचावं म्हणून लिहीत नाही. थोडं टोचावं म्हणूनही लिहितोय.

माझं काम तुला ठाऊक आहे. आमच्या प्राणिसंग्रहालयातून दुसरीकडे एखादा प्राणी पाठवायचा असला की त्याची तयारी माझ्याकडे असते. प्रवासाचा पिंजरा मी कितीतरी आधी त्याच्या कुंपणात नेऊन ठेवतो. दार उघडं, ढकलाढकली नाही. तो आधी लांबून बघतो, मग हुंगतो. मग त्याचं खाणं पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवायचं, मग जरा आत, मग आणखी आत. मग दार लावून लगेच उघडायचं, म्हणजे लागलेलं दार उघडतं हे त्याला कळतं. इतकं झालं की मग गाडी. घाईत पाठवलेलं हरीण पोचतं खरं, पण खाली उतरल्यावर त्याला पायांवर उभं राहता येत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

हरणाला देतो तेवढा वेळ आपल्या पोरीला मिळायला नको? मार्च संपेपर्यंत थांब. मी स्वतः घेऊन येईन. तुला सुट्टी मिळत नाही हे आईच्या वेळीच कळलंय, त्यामुळे तू ये असं म्हणत नाही. पासपोर्टचा अर्ज टाकलाय.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली तीन माझ्यावर. चौथ्या पानावर मार्चअखेरची तारीख मान्य केलीस, म्हणून पहिली तीन मी वाचलीच नाहीत असं समजू.

ती कशी आहे विचारलंस. झोप आली की अजूनही गुणगुणते, आईनं त्यावरून ठेवलेलं भुंगी हे नाव तिला अगदी शोभतं. केस दाट झालेत. हट्टी आहे, तो गुण कुणाकडून आला याच्या खोलात मी शिरत नाही.

बाहेरच्या खोलीत मी विमान केलंय. दोन खुर्च्या भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवल्या, पुढ्यात इस्त्रीचं टेबल आडवं लावलं. आमच्याकडे पिंजरे बनवणारे सुतारकाका आहेत, त्यांनी भंगारातल्या जीपचा पट्टा काढून एका खुर्चीला ठोकून दिला. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावला की इंजिनाचा आवाज. पहिल्या दिवशी मी तिला खुर्चीजवळसुद्धा नेलं नाही. नुसता तिथे बसून केळं खात राहिलो. दुसऱ्या दिवशी ती टेबलाखालून घुसून आली, माझं केळं घेतलं आणि खाली उतरून गेली. चौथ्या दिवशी स्वतः चढून बसली आणि मला म्हणाली, "भुर्र." माझा जीव भांड्यात पडला.

आता रोज संध्याकाळी आमचं विमान उडतं. उडताना आणि उतरताना कान दुखतात म्हणे, म्हणून पंखा जोरात झाला की मी म्हणतो, "भुंगी, घोट घे," आणि ती नळीच्या बाटलीतून घोट घेते. पट्टा लागतो, सुटतो, परत लागतो. लागलेला पट्टा सुटतो हे तिला नीट पटलंय. मधून मधून आम्ही दारापर्यंत फेरी मारून परत जागेवर येतो. पाणी, खाणं द्यायला मीच उठतो, हातावर नॅपकिन टाकतो आणि वाकून विचारतो, "बाईसाहेब, पाणी घेणार?" ती मान अशी हलवते की एखादी राणी वाटावी. आईनं हे बघितलं असतं तर हसून हसून खाली बसली असती.

रंगीत चिकटपट्टीचे तुकडे टेबलावर चिकटवून ठेवतो, ते सोलण्यात तिचा भरपूर वेळ जातो. छोट्या छोट्या वस्तू कागदात गुंडाळून ठेवल्यात, एक झाकण, एक किल्ल्यांचा जुडगा, एक कापडी ससा. त्या मी आत्ता दाखवत नाही. एक कंटाळवाणी झाली की दुसरी काढायची. पिशवीत तिचे कपड्यांचे दोन जोड आणि माझा एक. मुलं स्वतःवर ओकतात असं सगळे धरून चालतात, ती ज्याच्या मांडीवर असतात त्याचा विचार कुणी करत नाही.

तू झोपेचं औषध सुचवलंस. नाही देणार. झोपेचं औषध दिलेला प्राणी आम्ही विमानात चढवत नाही. तो गप्प दिसतो, पण तोल सावरू शकत नाही, घाबरला तरी सांगू शकत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे, मुलांच्या डॉक्टरांकडे जा." मग त्यांच्याकडेही गेलो. त्यांनीही नकोच म्हटलं.

एक काम तू करायचंस. तुझा अंगावर वापरलेला एखादा कपडा पाठव. जिकडे प्राणी जाणार तिथल्या राखणदाराचं जुनं फडकं आम्ही आधीच मागवतो आणि त्याच्या अंथरुणात घालतो. मग तिकडे पोचल्यावर तो माणूस त्याला परका वाटत नाही. चेहरा नंतर, आधी वास. लवकर पाठव.

दादा


१७ फेब्रुवारी

चिंगे,

हे नाव लिहिलं म्हणून राग गेला असं धरू नकोस. पार्सल उघडून मला एवढं हसू आलं की लहानपणीचं नाव आपसूक आलं.

मी वापरलेला कपडा मागितला होता. तू धुतलेला पाठवलास. नुसता धुतलेला नाही, इस्त्री केलेला, घडीत पातळ कागद घालून. बटणं वर गळ्यापर्यंत लावलेली. एखाद्या दुकानदारानं हात जोडावेत असं ते काम आहे. मी नाक खुपसून बघितलं, साबणाशिवाय काही नाही. भुंगीनं हुंगला, शिंकली आणि निघून गेली.

तुझी चूक नाही, आपल्या घराची आहे. घरातून बाहेर जाणारी वस्तू स्वच्छ असली पाहिजे, कुणाकडे मळकं काही जाता कामा नये, हे आईनं आपल्या हाडात भिनवलं. शेजाऱ्यांची वाटी परत करताना ती घासून, पुसून, उन्हात धरून बघायची. मला आठवतं, मला दवाखान्यात न्यायचं होतं, ताप डोक्यात गेला होता, आणि ती माझे नवे मोजे शोधत होती. तुझंही तसंच झालं असणार. सहा हजार मैलांवर शर्ट जाणार म्हटल्यावर तू न धुता कसा पाठवशील.

तर आता नीट वाच. एखादा शर्ट काही दिवस सलग घाल, कामावर घालतेस तोच. काढलास की धुऊ नकोस, वाळत टाकू नकोस, झटकूही नकोस. तसाच पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. लाज वाटली तर वाटू दे. इकडे तो उघडणारा मी आहे, आणि माझं आयुष्य माकडांचे पिंजरे धुण्यात गेलंय.

तिला तुझा फोटो रोज दाखवतो. बोट लावून 'आई' म्हणते. पण खरं सांगू का, कॅलेंडरवरच्या बाईलाही ती 'आई'च म्हणते.

दादा


७ मार्च

चिंगे,

शर्ट पोचला. या वेळी शहाण्यासारखा पाठवलास.

पिशवीची गाठ मी अंगणात सोडली. भुंगी शेजारी उकिडवी बसली होती. मी काही म्हणायच्या आत तिनं तो ओढून घेतला, तोंडावर धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा."

मी म्हटलं, मामाचा नाही, आईचा. ती ऐकेना. शर्टावर हात आपटून पुन्हा, "मामा."

मग मी हुंगला. पिंजरे धुवायला आम्ही जे पिवळं औषध वापरतो, ते माझ्या हातांतून, केसांतून जात नाही. आई मला आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू देत नसे, आठवतं? तोच वास. त्याखाली घाम, मलम, आजारी माणसाच्या खोलीचा वास. तू आम्हाला ऑफिसात आहे असं लिहिलं होतंस. खुर्ची आहे, टेबल आहे, खिडकीतून झाड दिसतं असंही लिहिलं होतंस. ते वाचून आई काकूंना सांगत सुटली होती.

तू कुठल्या वॉर्डात कुणाची अंथरुणं धुतेस, ते मला विचारायचं नाही. तू सांगू नकोस. वासानं सांगितलं तेवढं पुरे. फक्त एवढं कळलं की तुला सुट्टी का मिळत नाही.

त्या दिवसापासून भुंगी तो शर्ट घेऊन झोपते. बाही तोंडात धरते आणि गुणगुणत झोपी जाते. आधी तिला माझ्या मांडीवर अर्धा तास झुलवावं लागायचं, गाणी म्हणावी लागायची, नाकी नऊ यायचे. आता मांडी लागत नाही. मी शेजारी बसलो तर हातानं मला लोटते, जागा अडते म्हणून. काम अगदी मनासारखं झालंय.

एक अडचण मात्र आलीय. तिचा उजवा कान दुखतो असं वाटतं. अशा कानानं विमानात बसवणं बरोबर नाही. मार्चअखेरचं तिकीट मी काढलेलं नाही. कान बरा झाला की कळवतो. घाई करू नकोस.

दादा


२२ मार्च

चिंगे,

काकूंना मध्ये घालू नकोस म्हटलं होतं. तू घातलंस, आणि त्यांनी सांगितलं की दिवसभर त्यांच्याकडे असलेली भुंगी जिन्यावरून उड्या मारते आणि तिचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

हो. कानाला काही झालेलं नाही.

तू लिहिलंस की मी मुलगी अडवून धरतोय. तसं नाही, आणि अगदी तसंच आहे. काय सांगू. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की काकूंच्या गच्चीतून "मामा" अशी हाक येते. दिवसभरात मला दुसरी कुणी हाक मारत नाही. कामावर मला बोलायला प्राणी आहेत आणि सुतारकाका आहेत, सुतारकाकांना ऐकू कमी येतं. आई गेली तेव्हा घर रिकामं झालं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी भुंगीला दूध तापवायचं होतं. आता ती गेली की मी कुणासाठी काय तापवू? हे तुला लिहायचं नव्हतं. तू तिकडे एकटी आहेस, त्यात माझं रडगाणं कशाला. पण खोटं पकडलं गेल्यावर खरं सांगण्यावाचून इलाज नाही.

मी तिला तयार करत होतो तेव्हा दर वेळी वाटायचं, अजून वेळ आहे. शर्टावर ती झोपली आणि कळलं की वेळ संपला. मग मला कान सुचला.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "प्राणी तयार झालाय. न्यायला कोण तयार नाही ते बघ." चिडून मी दुपारभर त्यांच्याशी बोललो नाही. संध्याकाळी तिकिटं काढली. एप्रिलच्या अकरा तारखेची आहेत, भुंगीचं परतीचं नाही. ती दोन वेगवेगळी तिकिटं देणाऱ्या पोरीनं विचारलं, परतीला एकटेच? मी म्हटलं, हो.

दादा


११ एप्रिल, विमानात

चिंगे,

हे पत्र टपालात पडणार नाही, तुझ्या हातात देईन. समोर आल्यावर मला यातलं काहीच बोलता येणार नाही म्हणून लिहून ठेवतो. बाहेर केव्हापासून दुपारच आहे, ऊन हलायचं नाव घेत नाही. भुंगी माझ्या मांडीवर आडवी झोपलीय आणि माझा पाय बधिर झालाय. अक्षर म्हणून वाकडं.

आधी फजिती सांगतो. उडण्याची वेळ आली तशी तिनं बाटली घेतली, घोट घेतला, एखाद्या जुन्या प्रवाशासारखी मागे टेकली. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मी कधी विमानात बसलो आहे का? प्राणी मालाच्या विमानात चढवून मी खालूनच परत येतो. तालीम सगळी तिची घेतली, माझी कुणी घेतलीच नव्हती. कानात दडे बसले, हात खुर्चीला घट्ट चिकटले. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आपली नळी काढून माझ्या तोंडाला लावली आणि म्हणाली, "मामा, घोट." मी घेतला. कान मोकळे झाले.

नंतर एअर होस्टेस पाणी घेऊन आली. भुंगीनं ग्लास ढकलला. ती होस्टेस हसून परत विचारते, ही परत ढकलते. मग माझ्या दंडाला धरून मला उठवायला लागली. "मामा, पानी." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या विमानात पाणी देणारा मीच होतो ना! तिच्या हिशेबानं ही कोण बाई मामाचं काम करायला आली? रडण्याच्या बेतात आली तेव्हा मी हात टेकले, उठलो, त्या मुलीकडून नॅपकिन घेऊन हातावर टाकला आणि खुर्च्यांमधल्या त्या चिंचोळ्या वाटेत वाकून म्हटलं, "बाईसाहेब, पाणी घेणार?" तिनं राणीसारखी मान हलवली. पलीकडचे आजोबा म्हणाले, मलाही हवंय. त्यांनाही दिलं. त्यानंतर दोन्ही विमानांत भुंगीच्या खाण्यापिण्याचं सगळं मीच वाढलं, आणि एअर होस्टेस मुली मला सिनियर म्हणायला लागल्या.

मधल्या विमानतळावर ती रडली. खूप रडली. चिकटपट्टी नको, ससा नको. तुझा शर्ट काढला तेव्हा त्यात तोंड घालून हुंदके देत देत शांत झाली. लोक बघत होते, की हा बाप्या पोरीला बायकांच्या शर्टात गुंडाळून कुठे निघालाय. मी तिला घेऊन काचेशी उभा राहिलो आणि उडणारी विमानं मोजत बसलो, म्हणजे मोजली नाहीत, नुसतं 'भुर्र' 'भुर्र' म्हणत राहिलो. तेवढा वेळ मला वाटलं की हे विमान चुकावं.

आता तुझ्यासाठी. आम्ही बाहेर आलो की धावत येऊ नकोस. हात पसरू नकोस, डोळ्यांत रोखून बघू नकोस. कुठेतरी खाली बस, जरा बाजूला तोंड करून, हात मांडीवर ठेव. ती येईल. यायला वेळ लागेल, पण येईल.

आणि दुसरं. मी दोन आठवडे राहीन. मग ती जेवत असताना मागच्या मागे निघून जाईन, तिला कळता कामा नये. आम्ही असंच करतो. माणूस जाताना दिसला की प्राणी जाळीवर धडका देतो, जखमा करून घेतो. त्या वेळी तू तिला भरवत राहा, माझ्याकडे बघू नकोस.

उतरायची घोषणा झाली. हिला उठवून घोट द्यायला हवा.

दादा


९ मे

प्रिय चिंगे,

पोचलो. त्याला दहा दिवस झाले, तेवढ्यात तुझी दोन पत्रंही आली.

माझा प्रवास कसा झाला विचारलंस. बरा झाला. शेजारची खुर्ची रिकामी नव्हती, तिथे एक जाडे गृहस्थ होते आणि ते घोरत होते. बाहेरच्या खोलीतलं विमान मी मोडलं. सुतारकाका पट्टा परत न्यायला आले, मग म्हणाले राहू दे, कशाला तरी होईल. काकू एक दिवसाआड डोकावतात. गच्चीत आता त्यांचे कपडे वाळतात.

विमानतळावर तू बाकावर कशी बसली होतीस ते मी विसरणार नाही. सांगितलं तसं, बाजूला तोंड, हात मांडीवर. तू मान वळवली नाहीस. भुंगी लांबून बघत राहिली, माझ्या पायामागे गेली, परत आली. मग जवळ जाऊन तुझ्या बाहीला नाक लावलं. तेव्हाही तू हलली नाहीस. असं मला जमलं नसतं. इतक्या वर्षांत मी किती राखणदार पाहिले, तुझ्याइतकं धीराचं कुणी पाहिलं नाही.

आईच्या वेळचा राग गेला का, असं तू निघताना विचारलंस आणि मी बॅग बांधत राहिलो. गेला नाही. पण तुझ्या त्या एका खोलीत दोन आठवडे राहिलो, तू वॉर्डातून येऊन उभ्या उभ्या जेवताना पाहिलं, सुट्टीच्या अर्जावर 'नामंजूर' लिहिलेला तो कागद तू खिडकीच्या फटीत वारा येऊ नये म्हणून कोंबलेला पाहिला. राग आहे, पण तो तुझ्यावर ठेवायला जागा सापडत नाही.

आता त्या सकाळबद्दल. मी गुपचूप निघणार होतो, आणि तू माझी बॅग धरून ठेवलीस. म्हणालीस, "दादा, ती हरीण नाही. आई गेली तेव्हा मला कुणी टाटा करू दिलं नाही, मी अजून फोन वाजला की तिचाच समजते. हिला करू दे." हे म्हणून तू ओट्याकडे वळलीस आणि नळ सोडून भांडी घासत राहिलीस. म्हणून पुढचं तू पाहिलेलं नाहीस. पत्रात तू विचारलंस, ते कसं झालं. नीट झालं सगळं.

नीट झालं ते असं. ती खाली बसून केळं खात होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि म्हटलं, "मामा भुर्र चालला." तिनं बॅगेकडे बघितलं. मला वाटलं, आता ओठ काढेल. तयारी ठेवली होती, की मिठी मारली तर काय करायचं, पाय धरला तर काय करायचं. तिनं केळ्यानं भरलेला हात वर केला, "टाटा" म्हणाली आणि परत खायला लागली. एवढंच. मी दारात उभा राहिलो, पुन्हा एकदा बघेल म्हणून. केळं संपलं तरी थांबलो. मग ती उठून तुझ्याकडे गेली, तुझ्या पायाला तिचे चिकट हात लागले म्हणून तू ओरडलीस, आणि मी निघालो.

लागलेलं दार उघडतं, गेलेला माणूस परत येतो, घाबरायचं नाही, रडायचं नाही. दोन महिने रोज संध्याकाळी मी तिला हेच शिकवलं. माझ्या मेहनतीचं चीज झालं, चिंगे, आणि जिन्यात मला धड पायऱ्या दिसत नव्हत्या.

तुझ्या पत्रांत ती काय खाते, किती झोपते, पाळणाघरातल्या बाईंचं बोट कसं चावली, सगळं आहे. एक गोष्ट तू लिहीत नाहीस आणि मला कळतं का लिहीत नाहीस. ती माझी आठवण काढते का? पाठवलेल्या प्राण्याबद्दल आम्ही तिकडच्यांना हेच विचारतो, की मागचं शोधतो का. शोधत नाही असं उत्तर आलं की साहेब खूश होतात, आणि मी पिंजरा धुवायला घेतो.

तेव्हा काढत नसेल तर ते चांगलंच आहे. पण पुढच्या पत्रात काढते असंच लिही. रोज काढते असं लिही. मी खरं मानेन.

तुझा
दादा